एका ‘ळ’साठी

शाळेची शेवटची घंटा झाली की मुख्याध्यापकाचे काम संपते, असे समजणारे गृहस्थ आजही अधूनमधून भेटतात. त्यांच्या समजुतीला मी सहसा धक्का लावीत नाही. वस्तुस्थिती मात्र अशी आहे की, सायंकाळी मुले आपापल्या घरी जातात आणि त्यांची नावे माझ्याबरोबर माझ्या घरी येतात. एखाद्याचे नाव यादीत सापडत नाही, एखादीची जन्मतारीख जुळत नाही, कोणाच्या वडिलांचे नाव एका कागदावर एक, तर दुसऱ्यावर भलतेच असते. ही सर्व माहिती संगणकावर भरावयाची असते व तिला मुदत असते. मुदतीच्या दिवशी माझ्यासारखे अनेक जण एकाच वेळी त्या दाराशी उभे असल्याने दार काही उघडत नाही.

आमच्या घरी संगणक दिवाणखान्यात खिडकीशी आहे. पूर्वी तेथे माझ्या वडिलांची आरामखुर्ची असे. रात्रीची जेवणे झाली की मी त्या जागी बसतो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते. सौभाग्यवती त्याला ‘तुमचं सुदर्शन’ म्हणते. भगवंताचे सुदर्शन काम उरकून परत तरी येत असे; हे नुसतेच फिरते. मग मोबाईलवर एक सांकेतिक आकडा येतो. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो. तो आणावयास चिरंजीवांना पाठवावे, त्यांनी वाटेत त्यात दुसरेच काही पाहत बसावे, आणि आकडा माझ्या हाती येईपर्यंत त्याची वेळ संपून जावी, हा आमचा नित्यक्रम झाला आहे. एकदा बहात्तर मुलांची माहिती भरून झाली, आणि ‘जतन करा’वर बोट ठेवणार तोच वीज गेली. त्या रात्री मी अंधारात किती वेळ स्वस्थ बसून होतो, ते आठवत नाही. आई आतून म्हणाली, “अरे, हाताने लिहून ठेवलं असतंस तर उरलं असतं.” तिचे म्हणणे खोडून काढता आले नाही.

या सर्वांत बळी जातो तो रविवारचा. आमच्या लहानपणी रविवार हा घरच्यांचा दिवस असे. वडील साधे कारकून होते. पण पावसाळ्यात एकदा तरी मीटरगेजच्या गाडीने आम्हां भावंडांना पाताळपाणीला नेल्याशिवाय राहत नसत. होळकर संस्थानाने दिलेल्या एक कोटी रुपयांच्या कर्जातून एकोणिसाव्या शतकात उभा राहिलेला तो खांडव्याचा मार्ग. धबधबा पाहून झाला की पुढच्या काळाकुंड स्थानकावरचा कलाकंद घ्यावयाचा, आणि परतताना डब्यातल्या दशम्या व लसणीची चटणी संपवावयाची. हिंदीत त्या गावाचे नाव ‘कालाकुंड’ असे लिहितात. वडील मात्र ठसक्यात ‘काळाकुंड’ म्हणत, आणि आम्हीही तसेच म्हणत असू. त्या एका अक्षराकडे तेव्हा माझे कधी लक्षही गेले नव्हते. ते गेले परवा, आणि तेही माझ्या मुलीच्या कागदपत्रांमुळे.

थोरली मुलगी पदवीधर झाली व पुढील शिक्षणासाठी तिने पुण्यास जावे असे ठरले. एका अर्जासोबत तिने आपली गुणपत्रिका आणि ओळखपत्र जोडले. चार दिवसांनी अर्ज परत आला. दोन कागदांवर आडनाव दोन प्रकारे आहे, ते एकसारखे करून आणावे, असा शेरा होता. आमच्या आडनावात एक ‘ळ’ आहे. ओळखपत्रावर तो आपल्या जागी होता; गुणपत्रिकेवर त्याच्या जागी ‘ल’ बसला होता.

मी अर्थातच संतापलो. हिंदी भाषिक प्रांतात मराठी नावांची कशी हेळसांड होते, यावर मी जेवणाच्या पाटावर बराच वेळ बोललो. होळकरांचे ‘होलकर’ झाले, टिळकांचे ‘तिलक’ झाले, माळव्याचा ‘मालवा’ झाला, अशी उदाहरणेही दिली. नीरा नदीकाठच्या होळ गावावरून ज्या घराण्याला नाव मिळाले, त्या घराण्याच्या राजधानीत राहून आमच्या ‘ळ’ला जागा मिळू नये, असा एकंदर सूर होता. मुलीने शांतपणे ऐकून घेतले आणि आपली पहिलीपासूनची फाईल माझ्यासमोर आणून ठेवली. अगदी तळाशी तिच्या शाळाप्रवेशाच्या अर्जाची छापील प्रत होती. सन २००९. त्यावर ‘ल’ होता. खाली पालकाची स्वाक्षरी होती आणि ती माझी होती.

मग सारे आठवले. त्या वर्षी मी संगणक नव्याने शिकलो होतो व त्याचा मला थोडा अभिमानही होता. प्रवेशाच्या खिडकीशी रांग होती. तेथील लिपिकाचा हात सावकाश चालत होता, म्हणून मीच पुढे होऊन म्हणालो, “आणा, मी टंकून देतो.” कळफलकावर इंग्रजी अक्षरेच छापलेली होती. कोणत्या कळीवर कोणते नागरी अक्षर आहे, हे दाखविणारा एक झेरॉक्स कागद भिंतीवर चिकटवलेला होता व त्याचा खालचा कोपरा फाटला होता. ‘ळ’ मला सापडेना. मागून कोणी तरी घड्याळ पाहत खाकरले. मी ‘ल’ टंकला आणि मनाशी म्हणालो की, नंतर दुरुस्त करून घेऊ. ते ‘नंतर’ सोळा वर्षे आले नाही. त्या एका नोंदीवरून पुढची नोंद झाली, तिच्यावरून दहावीची गुणपत्रिका, तिच्यावरून बारावीची आणि अखेर पदवीची. दुसऱ्यांच्या मुलांची नावे जुळविण्यात ज्याच्या रात्री जातात, त्यानेच स्वतःच्या मुलीच्या नावात चूक पेरून ठेवली होती. हिंदीचा यात काडीचाही दोष नव्हता. जो उच्चार त्या भाषेच्या प्रमाण रूपात नाही, तो तिने लिहावा तरी कसा? माझ्या घरची चूल तीस वर्षे हिंदी माध्यमाच्या शाळेने पेटती ठेवली आहे. तिच्यावर उगाच बोट रोखणे मला शोभणारे नव्हते.

“पण तो ‘ळ’ तेव्हा संगणकात नव्हताच की काय?” मी मुलीला विचारले. ती उठली, खिडकीपाशी गेली आणि कळफलकावर तिने दोन बोटे ठेवली. “बाबा, ‘ल’च्या कळीवरच ‘ळ’ आहे. शिफ्ट दाबून तीच कळ दाबायची. झालं.” पडद्यावर तो उमटला. मी पाहतच राहिलो. आपल्या भाषेत ‘कळ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. त्या क्षणी मला ते दोन्ही समजले.

पुढे या विषयात मी थोडे लक्ष घातले. भारतीय लिप्यांसाठी शासनाने मान्य केलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात खालच्या ओळीतील ज्या कळीवर इंग्रजी ‘एन’ असतो, तेथे ‘ल’ आहे आणि शिफ्टसह ‘ळ’ आहे. ही मांडणी हिंदी व मराठी दोन्ही भाषांना समान आहे. ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबला की ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ या शब्दांना लागणारा ‘ऱ’ मिळतो. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने लिप्यांची संगणकीय सांकेतिक रचना प्रमाण केली, तीत ‘ळ’ होता. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही नागरीच्या रांगेत तो ‘ल’च्या शेजारी उभा होता. मध्यंतरी प्रत्येक टंकाची आपापली निराळी रचना असे. एका यंत्रावर लिहिलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की अगम्य चिन्हांचा चिवडा दिसे, आणि त्या धांदलीत पुष्कळांनी ‘जे सापडेल ते अक्षर’ हा मार्ग पत्करला. तरीही खरे हेच की, यंत्राने आपल्याला ‘ळ’ नाकारला नव्हता. तो मिळविण्यासाठी एक बोट अधिक लावावे लागत होते, एवढेच.

आता प्रश्न दुरुस्तीचा होता. दोन वाटा होत्या. दहावी, बारावी आणि पदवी या तिन्ही ठिकाणी अर्ज, शपथपत्रे व खेटे घालून ‘ळ’ बसवावा, ही एक. किंवा एकट्या ओळखपत्रावर ‘ल’ करून मोकळे व्हावे, ही दुसरी. मुलीने दुसरी वाट निवडली. प्रवेशाची मुदत तीन आठवड्यांवर आली होती. “बाबा, कागदावर काय आहे यानं मला फरक पडत नाही,” ती म्हणाली. मला मात्र पडत होता. आजोबांच्या हस्ताक्षरात घराच्या दारावर जे नाव आहे, ते आपल्या मुलीच्या नावापुढे उरणार नाही, या विचाराने मी अस्वस्थ झालो. मी म्हणालो, “इतका उतावीळपणा बरा नव्हे.” ती म्हणाली, “उतावीळपणा कुणी केला होता, बाबा?” यावर बोलण्यासारखे काही नव्हते. त्यानंतरचे तीन दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले.

ही कोंडी फोडली आईने. तिने जाहीर केले की, नात पुण्याला जाण्यापूर्वी सर्वांनी महेश्वरी एक दिवस काढावयाचा. त्या रविवारी माझ्याकडे एकशेचाळीस मुलांची माहिती भरावयाची होती. मी तसे सांगितले. आई म्हणाली, “ती मुलं सोमवारीही तिथंच असतील. ही नसणार.” मी संगणक बंद केला.

पहाटे निघालो. राऊला थांबून पोहे-जलेबी झाली. महू आणि मानपूर मागे पडल्यावर माळव्याचे पठार संपते व रस्ता विंध्याचा घाट उतरून निमाडात येतो. हवा बदलते, मातीचा रंग बदलतो. धामणोदला मुंबईचा हमरस्ता सोडला की महेश्वर जवळच. इंदूरपासून सुमारे नव्वद किलोमीटरचा हा प्रवास. मोटारीत चिरंजीव कानांत काही घालून बसले नव्हते, ही नवलाईची गोष्ट होती. आईने त्याला काळाकुंडच्या कलाकंदाच्या गोष्टी सांगितल्या, आणि तो “मग?” “मग?” करीत ऐकत राहिला. माझ्या ध्यानात आले की, आमच्या घरात सलग दोन तास मराठी बोलणे कित्येक महिन्यांत झाले नव्हते. घरी मी पडद्याकडे तोंड करून असतो, आणि मुले आपापल्या पडद्याकडे.

किल्ल्यावरील राजवाड्यात देवी अहिल्याबाईंची गादी आहे. साधी बैठक, पांढरे आच्छादन. १७६७ पासून १७९५ पर्यंत सुमारे अठ्ठावीस वर्षे त्यांनी कारभार पाहिला, तो या महेश्वरातून. चिरंजीवांनी विचारले, “एवढा कारभार संगणकाशिवाय?” मी त्याला मोडी लिपीविषयी सांगितले. कारकून बोरूने, हात फारसा न उचलता, पत्रामागून पत्र लिहीत. पत्रे नर्मदेकाठून पुण्याकडे जात, दूरदूरच्या तीर्थक्षेत्री जात. ती मोडीसुद्धा आता संगणकात आली आहे. २०१४ साली युनिकोडमध्ये तिला स्वतंत्र स्थान मिळाले.

“मोडीत ऱ्हस्व-दीर्घ कसं लिहायचे?” मुलीने विचारले. ती तीन दिवसांनी आपण होऊन माझ्याशी बोलत होती. मला खरे ते सांगणे भाग होते. मोडी लिहिणारे इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळीत नसत. “म्हणजे शुद्धलेखनाच्या वहीत तुम्ही माझे गुण कापायचात ते!” ती हसली. आईही हसली. मी म्हणालो, “पण ‘ळ’ला मोडीत स्वतंत्र अक्षर होते.” “हो बाबा,” ती म्हणाली, “ते माहीत होतंच, तुम्ही सांगणार म्हणून.”

खाली घाटावर आलो. पायऱ्या, घाटावरची देवळे, आणि समोर नर्मदेचे शांत पात्र. पात्राच्या मध्यावर बाणेश्वराचे देऊळ आहे. तेथवर नावेने गेलो. नावाडी वयस्क होता. त्याच्याशी मुलगी हिंदीत बोलत होती आणि तो निमाडीत उत्तरे देत होता. पाणी केव्हा उतरते, असे तिने विचारले. त्याने सांगितले त्यात ‘उनाळो’ हा शब्द आला. तिने चटकन माझ्याकडे पाहिले. “बाबा, उन्हाळा! ‘ळ’च म्हणाले ना ते?” होय, त्याने ‘ळ’च म्हटले होते. निमाडीत हा उच्चार आहे, माळवीत आहे, राजस्थानीत आहे, गुजरातीत आहे. इतकेच काय, ऋग्वेदाच्या पहिल्या ऋचेच्या आरंभीच तो आहे. जो ‘ळ’ मी दक्षिणेतून बांधून आणलेली घराण्याची ठेव म्हणून कवटाळून बसलो होतो, तो या मातीतल्या नावाड्याच्या तोंडी सुखाने नांदत होता. तो आपले नाव कागदावर कसे लिहितो, लिहितो की नाही, मी विचारले नाही. त्याचा ‘ळ’ कागदावर अवलंबून नव्हता.

परतीच्या नावेत मी वर राजवाड्याकडे पाहत होतो. ज्या माउलीच्या नावाने आपण इंदूरकर दिवसातून दहा वेळा शपथ वाहतो, तिने १७६७ साली एकुलता एक मुलगा गमावला, पुढे नातू गमावला, आणि १७९१ साली जावयाच्या मृत्यूनंतर मुलगी मुक्ताबाई सती गेली. लेकरू दूर जाणे म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. माझी मुलगी पुण्यास चालली होती, शिकावयास चालली होती, आणि फोन केला तर बोलणार होती. तिच्या जाण्याआधीचे तीन दिवस मी एका अक्षरापायी अबोल्यात घालविले होते. मला स्वतःची लाज वाटली.

त्या रात्री घरी आल्यावर संगणकासमोर बसलो तो शाळेच्या कामासाठी नव्हे. ओळखपत्राच्या दुरुस्तीचा अर्ज मी स्वतः भरला. चक्र फिरले, आकडा आला. चिरंजीवांनी या वेळी मोबाईल धावत आणून दिला. आडनावाच्या रकान्यात मी ‘ल’ टंकला. २००९ साली तो घाईने टंकला होता; या वेळी विचारपूर्वक टंकला. मुलगी मागे उभी होती. ती काही बोलली नाही; माझ्या खांद्यावर तिने थोडा वेळ हात ठेवला.

शाळेत मात्र मी एक नियम केला आहे. नव्या मुलाचे नाव नोंदविताना प्रथम त्याच्या आईला किंवा वडिलांना ते मोठ्याने उच्चारावयास सांगतो, मग टंकतो, आणि पडद्यावर त्यांना वाचावयास लावतो. मराठी घरांतली मुले आमच्या शाळेत आता फार नाहीत. पण राजस्थानी व गुजराती घरांतली आहेत, निमाडातून आलेली आहेत, आणि त्यांच्याही नावांत-आडनावांत असे कोनाडे असतात. प्रत्येक नावामागे दोन मिनिटे अधिक जातात. रांगेत कोणी खाकरले तरी मी आता मागे पाहत नाही.

या निमित्ताने वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. ज्या इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, तेथील आपल्यापैकी किती जणांनी मुलांच्या फायली उघडून नावे ताडून पाहिली आहेत? एखाद्या संध्याकाळी जन्मदाखला, शाळेची नोंद, गुणपत्रिका व ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. मूल लहान असेल तर दुरुस्ती सोपी असते. एका नोंदीवर दुसरी नोंद चढत गेली की अवघड होते. आणि मूल मोठे झाले असेल, चूक खोल रुजली असेल, तर तिच्यापायी घरातला संवाद तोडू नये. कागदावरचा ‘ळ’ गेला तर चालवून घेता येते. जिभेवरचा जाऊ नये, यासाठी मुलांशी बोलावे लागते, आणि बोलण्यासाठी रविवार मोकळा ठेवावा लागतो.

आमची मुलगी पुण्यास पोहोचली त्या रात्री मी पुन्हा त्या खिडकीशी बसलो होतो. मुदतीचा दिवस होता आणि चक्र फिरत होते. मोबाईल वाजला. सांकेतिक आकडा आला असावा, असे समजून मी तो घाईने उचलला. तिचा निरोप होता. एरवी ती रोमन अक्षरांत लिहिते, या वेळी नागरीत लिहिले होते : “पोहोचले. जेवण झालं. खोली चांगली आहे. सगळं ठीक, काळजी करू नका. आजीला सांगा.”

मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. दोन्ही ‘ळ’ आपापल्या जागी होते. मग आईला सांगावयास आत गेलो, आणि परत आलो तोवर संकेतस्थळाने मला बाहेर काढले होते.